उताराचा इस्वास न्हाई

उभ्या गाडीवर गेनूआबांचा काडीचाही विश्वास नव्हता. पळती गाडी त्यांना चालायची. तिची नियत उघड असते. उभी गाडी मात्र त्यांच्या लेखी संधी शोधत असायची. मग ती बैलगाडी असो, हातगाडी असो, नाहीतर पारशाच्या बंगल्यातली बाबागाडी असो. दिसली की आबा खाली वाकत आणि चाकाला धोंडा लावत. बाबागाडीत पोर होतं की नव्हतं, हे ते नंतर बघत.

मी लोणावळ्याला मास्तर म्हणून आलो तेव्हा मोटारी नव्या होत्या आणि लोक त्या बघायला दारात येत. आमची गल्ली बाजारातून निघायची ती थेट स्टेशनाकडे उतरायची. वरच्या अंगाला पारशांचे दोन बंगले, मग गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकणारा मारवाडी, मग गोव्याकडचा एक इंजिन ड्रायव्हर, जवळच्या कुरवंडे गावाहून येऊन रेल्वेत चिकटलेली मावळी घरं, आणि तळाशी हुसेनचाचांचा टांगा. देव वेगळे, भाषा वेगळ्या, मसाले तर फारच वेगळे. उतार तेवढा सगळ्यांना सारखा होता.

पहिल्याच संध्याकाळी मुंडासं बांधलेला एक म्हातारा माझ्या सायकलीशी वाकलेला दिसला. मला वाटलं, चोर. मी ओरडलो. त्याने मान वर करून उलट माझ्याकडेच संशयाने पाहिलं.

"नवं मास्तर न्हवं का तुमी? सायकलीला धोंडा कुटं हाय?"

"भिंतीला टेकवलीय की."

"भिताडाचा काय भरवसा? उतार हाय, मास्तर. उताराचा इस्वास न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी एक गुळगुळीत धोंडा शोधून आणला आणि रोज सायकलीच्या चाकाला लावू लागलो. माझ्यामागची पीडा तेवढ्यावर टळली.

आबांची हयात घाटात रेल्वेगाड्यांचे ब्रेक सांभाळण्यात गेली होती. ऐन तारुण्यात, यार्डात उभा असलेला मालाचा एक डबा त्यांच्या डोळ्यांदेखत, कुणी हात न लावता, चालू लागला होता. कुणाला लागलं नाही. एका बाईची केळ्यांची पाटी तेवढी गेली. पण आबांचा जगावरचा विश्वास उडाला तो कायमचा. पेन्शनीत निघाले तरी संशय नोकरीत राहिला. माणसांनाही तोच न्याय. आमचे तापट हेडमास्तर एकदा महिनाभर कुणावर खेकसले नाहीत. सगळी शाळा आनंदात होती. आबा म्हणाले, "लय दिस उभं हायती. सुटतील." आणि सुटले हो! पहिला मीच सापडलो.

पण सगळ्यांत पक्का वहीम हुसेनचाचांवर. चाचा संध्याकाळी घोडा सोडून टांग्याच्या दांड्या जमिनीला टेकवून ठेवायचे. असा टांगा ढकलूनही हलत नाही. तरी दिवेलागणीच्या आधी आबांची आरोळी यायचीच.

"हुसेन! आज बी धोंडा न्हाई?"

"इसरलो, गेनू."

"रोज इसरतोस? मानूस हायस का डबा?"

मग आबा स्वतः धोंडा लावत, चाक हलवून बघत, आणि दमले म्हणून तिथेच दांडीवर बसत. चाचा चहा करत. आबा बंडीच्या खिशातून स्वतःचा कप काढत. खरं कारण जातगोत असेल तर असो, तोंडाने मात्र म्हणत, "दुसऱ्याच्या कपाचा इस्वास न्हाई." त्या कपाला कान नव्हता. दोघेही एकटे, बायका गेलेल्या, मुलं लांब. अंधार पडेपर्यंत एकमेकांना दोष देत बसायचे.

मग भाड्याच्या मोटारी कार्ल्याच्या लेण्यांना जाऊ लागल्या आणि टांग्याला कुणी विचारीना. चाचांचा मुलगा कल्याणला होता. तिकडे टांगे अजून चालत होते. घोड्याटांग्यासकट या, असा त्याचा निरोप आला. चाचांनी बोचकी भरली. म्हणजे आता खंडाळ्याचा सगळा घाट टांग्याने उतरायचा!

निघायच्या दिवशी अख्खी गल्ली जमली. टांग्याच्या चाकांना पुढून मोठाले धोंडे, आणि समोर आबा.

"तपासल्याबिगर गाडी सुटायची न्हाई."

त्यांनी चाकं ठोकली, आसाची खीळ हलवली, पट्टे ओढले. "खीळ ढिली. नापास!" बोचकी खाली उतरली. खीळ ठोकून घेतली तर दुसऱ्या दिवशी पट्टा नापास. पट्टा शिवला तर त्याच्या दुसऱ्या दिवशी घोडाच नापास, "त्येची नजर बरी न्हाई." लोक हसले. मला राहवेना. मी चाचांना बाजूला घेऊन म्हणालो, "चाचा, इतकी वर्षं यांचं ऐकून घेतलंत. रोज एक धोंडा लावला असता तर सुटला नसतात का?"

चाचा माझ्याकडे बघतच राहिले. "मास्तर, म्या धोंडा लावला असता, तर गेनू आला असता का?"

मी खाली उतरवलेलं एक बोचकं उचललं आणि त्यांच्या घरात नेऊन ठेवलं.

दुसऱ्या सकाळी आबांनी पुन्हा सगळं तपासलं. सगळं धड होतं. घोड्याची नजरसुद्धा. ते टांग्याभोवती फिरत राहिले.

"गेनू," चाचा हळूच म्हणाले, "आज पास कर बाबा. पोरगं वाट बघतंय."

आबांनी चाकांचे धोंडे काढले. एक बाजूला टाकला. दुसरा धोतराच्या सोग्याने पुसला आणि चाचांच्या शेजारी बैठकीवर ठेवला.

"ह्यो कशाला? धोंडं काय घाटात मिळत न्हाईत?"

"मिळत्यात. पर तितं लावायला कोन हाय तुला?" आबा म्हणाले आणि तोंड फिरवून चालू लागले. चाचांनी एक हात धोंड्यावर ठेवला आणि दुसऱ्याने लगाम हलवला.

त्या संध्याकाळी आबा माझ्या दारात आले. बंडीच्या खिशातून कपाची कड दिसत होती. ते सायकलीशी वाकले. धोंडा जागच्या जागी, घट्ट बसवलेला होता. त्यांनी तो पायाने दाबून पाहिला.

"बराबर हाय," म्हणाले. खिशातला कप आत ढकलला आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो, सायकल भिंतीला टेकवली, तो धोंडा उचलून परसात नेऊन टाकला, आणि चुलीवर दोघांपुरतं चहाचं आधण ठेवलं.