परत येण्याचं सबळ कारण

सीमाभागातल्या आमच्या वडगावच्या सत्याप्पा विणकरांची मुलगी सुवर्णा हिची परदेशात स्ट्रॉबेरी तोडण्यासाठी निवड झाली, ही बाब सर्वप्रथम नोंदवणं आवश्यक आहे. काम हंगामी, विद्यार्थ्यांसाठीचं, तीन महिन्यांचं. जाहिरात तिनं स्वतः शोधली, अर्ज स्वतः भरला, इंग्रजीतली मुलाखतही स्वतःच दिली. आमच्या गल्लीत एवढं स्वतःहून कुणी काही केल्याची नोंद नाही. एकच कागद राहिला होता. हंगाम संपल्यावर आपण परत येऊ, याचा दाखला.

हा दाखला कॅम्प भागातल्या ‘परतीची हमी पडताळणी कक्षा’त मिळतो. कक्षाचे प्रमुख अप्पासाहेब. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली त्यांच्या मुलाचा बर्फातला फोटो आहे. मुलगा दोन वर्षांसाठी गेला, त्याला आता सहा वर्षं झाली.

“परत का येणार?” अप्पासाहेबांनी विचारलं.

“माझं घर हाय की हितं. आई-आप्पा हायत.”

“ते सगळ्यांस्नीच असतंय. सबळ कारण पायजे. नोकरी, मिळकत, न्हायतर लगीन. तिन्हीतलं एक, तीन प्रतींत.”

नोकरी असती तर ही पोरगी तीन महिने वाकून फळं तोडायला कशाला निघाली असती, हे लिहायला फॉर्मात जागा नव्हती. म्हणून सत्याप्पांनी घरातला हातमाग तिच्या नावावर केला. कक्षाचा माणूस पाहणीला आला. माग दोन वर्षं बंद होता. शेरा पडला : ‘बंद मागाची ओढ ग्राह्य धरता येत नाही.’

मग सत्याप्पांनी सूत आणलं. बाप-लेकीनं मिळून आठ दिवसांत एक साडी विणली आणि माग चालू असल्याचा पुरावा म्हणून कक्षात नेऊन दिली. कक्षानं पुरावा ठेवून घेतला. अप्पासाहेबांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला तो त्यांच्या पत्नीच्या अंगावर दिसला. फायलीवर दुसरा शेरा आला : ‘माग चालू आहे. चालू धंदा असलेल्या व्यक्तीस हंगामी कामाची गरज दिसून येत नाही.’

राहिलं लग्न. शहापूरच्या नागराजचं स्थळ दोन दिवसांत मिळालं, कारण त्यालाही घाईनं नवरी हवी होती. त्याचीही स्ट्रॉबेरीलाच निवड झाली होती आणि त्याचाही हाच कागद अडला होता. साखरपुडा झाला. परतीचं कारण म्हणून तिनं त्याचं नाव लिहिलं, त्यानं तिचं. त्याचा फॉर्मही तिनंच भरला. त्याला ते जमत नव्हतं.

अप्पासाहेबांनी दोन्ही फायली शेजारी ठेवल्या आणि त्यांचा चेहरा उजळला.

“तुझं कारण कोण? नागराज. तो कुठं चाललाय? परदेशी. कारणच देशात न्हाय, तर तू परत कुणाकडं येणार?”

“आम्ही दोघं संगटच येऊ की, साहेब.”

“कारण देशात हजर पायजे. नियम हाय. एकानं जायचं, एकानं हितं ऱ्हायचं.”

कुणी राहायचं, यावर दोन्ही घरांची बैठक झाली. शेजारी म्हणून मलाही बोलावणं होतं. पोहे चांगले झाले होते. “पोरगा हाय. गेलाच पायजे,” एवढं नागराजचे वडील म्हणाले आणि विषय संपत आला. सुवर्णाची आई अंजनी मध्येच म्हणाली, “पर शोधलं हिनं. त्याचा फॉर्मबी हिनंच भरलाय.” सगळे हसले. अशी हुशार सून मिळाल्याबद्दल नागराजच्या घरच्यांचं अभिनंदन झालं. सुवर्णानं माझ्याकडे बघितलं. मी पोह्यांच्या बशीत बघत मान हलवली, होकाराची.

नागराज गेला. सुवर्णाची नोंद ‘प्रमाणित कारण’ अशी झाली. दर सोमवारी कक्षात जाऊन कारण जागेवर असल्याची सही करायची आणि परवानगीशिवाय राज्य सोडायचं नाही. कोल्हापूरच्या एका कंपनीनं तिला नोकरीच्या मुलाखतीला बोलावलं, तेव्हा परवानगीचा अर्ज विचाराधीन होता. कोल्हापूर शेजारच्या राज्यात, आणि हद्दीवरच्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडे कारणाला जाता येत नव्हतं. ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

तीन महिने झाले, पाच झाले. नागराज आला नाही. मग त्याचा फोनही लागेना. सहाव्या महिन्यात नोटीस निघाली. नागराजला नव्हे, त्याचा पत्ता कक्षाकडे नव्हता. सुवर्णाचा होता. शिवाय ती दर सोमवारी समोरच उभी असायची.

‘आपली सबळ कारण म्हणून नोंद असतानाही संबंधित इसम परत आलेला नाही. सबब आपण कारण म्हणून अपुऱ्या का ठरलात, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा.’

गल्लीत खुलासे आधीच तयार होते. कुणी रंग काढला, कुणी उंची, कुणी जास्तीचं शिक्षण. ‘फोन कमी करत असेल,’ असं मी म्हणालो. आता लाज वाटते, पण म्हणालो.

सुवर्णा नोटीस घेऊन कक्षात गेली.

“साहेब, तुमचा लेक सा वर्सं झाली आला न्हाय. त्येचं कारण म्हणून कुणाची नोंद हाय?”

“आमची. माझी आन् त्येच्या आईची.”

“मग तुम्ही काय खुलासा दिलाय? तेवढी एक प्रत द्या. त्यावरनं माझा लिवते.”

अप्पासाहेबांनी काचेखालच्या फोटोवर एक फाईल सरकवली. मग जेवणाची सुट्टी झाली, असं म्हणाले. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते.

मुदतीचे दोन दिवस उरले आहेत. सुवर्णा वही घेऊन घरोघर फिरते आहे. ज्यांची पोरं बाहेर आहेत, त्यांना एकच विचारते, “अण्णा, पोरांनी परत यावं असं हितं काय हाय, तेवढं सांगा. मी लिवून घेते.” लोक तिला बसवतात, चहा देतात, पोरांचे फोटो दाखवतात. वही कोरी आहे.

काल ती आमच्या दाराशी आली होती. माझी मुलगी चार वर्षं बाहेर आहे. मी आतून कडी लावली आणि टीव्हीचा आवाज वाढवला. ती बराच वेळ उभी होती.

आता ती तुमच्या गल्लीकडे निघाली आहे. उत्तर असेल तर तीन प्रतींत काढून ठेवा. नसेल तर तुमच्या दाराची कडी नीट बसते ना, तेवढं बघून घ्या.