आप्पांची घंटी

नवापूरला आमच्या गल्लीत राहणारे आप्पा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण गाडीतून अजून उतरलेले नाहीत. ओट्यावरच्या पत्र्याला त्यांनी घंटी टांगली आहे आणि तिची दोरी थेट आपल्या खुर्चीपर्यंत आणली आहे. एक घंटी वाजली की गल्लीतून जाणाऱ्यानं थांबायचं, दोन वाजल्या की निघायचं. दूधवाला थांबतो, पाहुणे थांबतात. एकदा वरातसुद्धा थांबली होती. नवरदेवाला घोड्यावरून वाकून आपलं गाव सांगावं लागलं, तेव्हा कुठे दोन घंट्या झाल्या.

मी कॉलेजात मानव विकास आणि कौटुंबिक संबंध हा विषय शिकते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मीच पहिली. मी नेमकं काय शिकते, हे मला आईबापालाही नीट सांगता आलं नव्हतं. आप्पांना मात्र लगेच कळलं. माणूस जन्मापासून म्हातारपणापर्यंत टप्प्याटप्प्यानं जातो, असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, "म्हंजे रूटच शे ना!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी टण्ण! "आज गाडी कोठे उनी वं बाई?"

"बाळ रांगायला लागलं, आप्पा."

"इतली हळू? मन्हा थांबा कव्हय येई?"

गल्लीभर हशा. सोबत मैत्रिणी असल्या की मला कुठे तोंड लपवू असं व्हायचं. पण दोन घंट्या होईपर्यंत सुटका नसे.

शाळकरी वयाचा धडा आला तेव्हा आप्पा खुशीत होते. त्या वयाची त्यांची एक आवडती गोष्ट होती. त्यांचा मनोज दहा वर्षांचा असताना बापाबरोबर जायला मिळावं म्हणून धडगावच्या मुक्कामी गाडीत बाकाखाली लपून बसला होता. आप्पांनी त्याला भरल्या गाडीत सगळ्यांदेखत विसरवाडीला कान धरून उतरवलं आणि परतीच्या गाडीत बसवून दिलं. "भरेल गाडीमा सांगं, मन्हा पोऱ्या ऱ्हावो नहीतं कलेक्टरना, फुकट्या तो फुकट्या!" ही गोष्ट गल्लीला पाठ होती. आम्ही सगळे दरवेळी हसायचो.

त्या दिवशीही ती सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पुस्तक काय सांगस या वयनं?"

परीक्षेत लिहिते तसं मी सांगून टाकलं. या वयात मुलाला चारचौघांत लाज वाटली, तर ती वर्षानुवर्षं आत राहते.

आप्पांच्या हातातली दोरी सुटली. मी दोन घंट्यांची वाट बघत उभीच. शेवटी ते म्हणाले, "जाय बाई."

पुढे कित्येक दिवस घंटी वाजली नाही. दूधवाला सवयीनं थांबायचा, उगाच वर बघायचा आणि निघून जायचा.

मनोज सुरतेला असतो. गावी आला तरी ओट्याखाली उभ्या उभ्या बोलतो आणि जातो. तो ओट्यावर बसलेला मी कधी पाहिलेला नाही. त्यात मला आजवर काही खटकलंही नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत तो मुलाला घेऊन येणार होता. आप्पांनी मला हळूच हाक मारली, घंटीशिवाय. "नातू दहा सालना व्हयना वं. बापनी तेले समदं सांगेल ऱ्हाई. मी तेनासंगे काय बोलू? पुस्तकमा शे का?"

मी घरातून पुस्तक आणून त्यांच्यासमोर चाळलं. त्या वयाचं पोर काय करतं ते होतं. आजोबांनी काय बोलावं ते नव्हतं. मी मान खाली घालून तसं सांगितलं. तेही खालीच बघत होते.

मनोज आला आणि नेहमीसारखा खाली उभा राहिला. पोरगं मात्र थेट ओट्यावर चढलं. दोरी बघून थबकलं, म्हणालं, "आजोबा, ही तुमची गाडी? तिकीट लागतं?"

आप्पांनी दोरी बाजूला सारली.

"नही रे. तुले नही." मग मनोजच्या चपलांकडे बघत ते म्हणाले, "तुन्हा बापले बी नही. तव्हय बी लागाले नको व्हतं."

गल्लीत कोणी हसलं नाही. मनोजनं चपला काढल्या आणि वर येऊन पोराशेजारी बसला.