गजाभाऊंचं संक्रांतीतलं सरबत

आमच्या शेजारचे गजाभाऊ होळीच्या आत छत्री दुरुस्त करून घेत आणि ती झाली हे महाडला कळावं म्हणून भर उन्हात उघडून बाजारपेठेतून एक फेरी मारत. लग्नाला आदल्या दिवशी हजर. आचारी अजून चुलाण रचत असायचा आणि हे पानावर बसायला तयार. कोणी हसलं, की म्हणायचे, "आपलं आधीच असलेलं बरं."

धंद्यातही तेच. गावात वीज येणार अशी नुसती आवई उठली, तर यांनी विजेच्या दिव्यांच्या काचेच्या टोप्या मागवल्या. वीज काही आली नाही. त्यांची बायको सुमती त्या टोप्या उलट्या करून त्यांत तुळशीची रोपं लावायची. शेवटी एका चैत्रात ती पोलादपूरला माहेरी निघून गेली. जाताना दारातच म्हणाली, "लोक विकत घेतील असं एक तरी काही करून दाखवा. मग येते."

"येईल," एवढंच गजाभाऊ मला म्हणाले आणि कोकमं आणायला गेले.

पौषातल्या एका गारठलेल्या सकाळी ते खोकं घेऊन आमच्या ओटीवर आले.

"वहिनी, अमृतकोकम. वैशाखात घातलंय. छान मुरलंय."

"गजाभाऊ, माझ्या अंगावर शाल आहे."

"म्हणूनच तर! चैत्रात सगळेच सरबत विकतील. आपलं आधीच घरोघर शिरलेलं बरं. संक्रांतीला वाण म्हणून लुटा."

हळदीकुंकू करायचं घरच्या बाईनं, आणि त्यांची पोलादपूरला. म्हणून ते माझ्याकडे आले होते. मला वाणासाठी फण्या आणायच्याच होत्या. फुकट वाण चालून आलं, मी कशाला नको म्हणू?

घोटाळा बाटल्यांचा झाला. त्या दवाखान्यातून धुऊन आणलेल्या, आणि डोसाच्या खुणांच्या कागदी पट्ट्या तशाच चिकटलेल्या. हळदीकुंकवाला आलेल्या बायका पदर सावरत हसायला लागल्या.

"अगो बाई, वाण म्हणून औषध? माणूस बरं नाही का घरात?"

"डोस किती घ्यायचा ते तरी सांग!"

मी तोंड गंभीर ठेवलं. "जेवणानंतर एक खूण. पाण्यातून."

भोगीची भाजी, तीळगूळ, गुळाच्या पोळ्या. गावाला पित्त झालेलंच होतं. ज्या बाईनं सर्वांत जास्त टोमणे मारले होते, तिचेच यजमान तिसऱ्या खुणेला ढेकर देऊन शांत झोपले. मग काय, बातमी तिनंच पाणवठ्यावर नेली. पट्ट्या काढून टाकू का, असं गजाभाऊंनी विचारलं. मी म्हटलं, "खबरदार!"

तेव्हापासून ते सुटलेच. छत्रीवर पांढऱ्या रंगानं लिहून घेतलं: 'अमृतकोकम. खूण संपली की या.' तीच छत्री उघडून रोज फेरी. पोलादपूरच्या एसटीच्या कंडक्टरला प्रत्येक खेपेला पेलाभर सरबत पाजायचे, म्हणजे तो वाटभर तेच बोलणार; एकदा तर बाटलीही त्याच्याबरोबर दिली.

चैत्र तापला तेव्हा घरोघरच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि त्या सगळ्या गजाभाऊंच्या पायरीवर रांगेत उभ्या होत्या. बाजारातल्या वाण्यांनी घाईघाईनं पाक चढवला, पण लोक विचारायचे, "खुणांचं आहे का?" आणि पुढे जायचे. आयुष्यात पहिल्यांदाच गजाभाऊंचा माल कमी पडला.

अशा गर्दीतच कंडक्टर एक रिकामी बाटली नाचवत आला.

"गजाशेट, पोलादपूरच्या वहिनींनी धाडलीय. म्हंत्यात, जिरं कमी हाय. उद्याच्या गाडीनं येत्यात, सोत्ता घालत्यात!"

पायरीवर हशा पिकला. गजाभाऊ नुसते खाली बघून बूच पुसत राहिले.

बाईमाणूस घरात नसलेल्या घराची कळा मला माहीत होती. झाडू घेऊन मी आत शिरले. स्वयंपाकघराच्या फळीवर, बाटल्यांच्या मागे, कागदात गुंडाळलेला नवा पितळी करंडा होता. हळद-कुंकवानं भरलेला.

"हा कधी आणलात?"

"ती गेली ना, त्या आठवड्याच्या बाजारातून. इथलं हळदीकुंकू करायला तिला लागणारच. आपलं आधीच..." म्हणत ते छत्री शोधायला लागले.

कुंकू पावसाळाभर फळीवर बसलं होतं. गुठळ्या झाल्या होत्या. मी ते चाळणीतून काढलं, करंडा पुसून पुन्हा भरून ठेवला आणि ओटीवर आले. गजाभाऊ छत्री उघडून एसटी स्टँडच्या वाटेला लागले होते.

गाडी उद्याची होती.