अहिंसक गुंजाळ आणि माझे कपाट

एक कबुली आधी देतो, म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल. कतारमधल्या लुसैल शहरातल्या आमच्या घरी काम करणाऱ्या सुमनताईंचा पासपोर्ट मी अभ्यासिकेतल्या लोखंडी कपाटात, शालीखाली, कुलपात ठेवला होता. आणि तो नूतनीकरणासाठी कचेरीत गेला आहे, असे त्यांना सांगत होतो. पत्नीलाही तेच सांगितले होते. सावंतवाडीला सुमनताईंच्या मुलीचे लग्न ठरले होते. त्या गेल्या तर परत येणार नाहीत, ही मला भीती. "पासपोर्ट इलो काय, साहेबानू?" असे त्या विचारीत, आणि मी अत्यंत मृदू स्वरात उत्तर देई, "पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला."

ज्या माणसाने हे कपाट फोडले, त्याच्याविषयी मला लिहायचे आहे.

गुंजाळ आमच्या कंपनीत सुरक्षा अधिकारी. मूळचे संगमनेरचे, वयाने माझ्याएवढे, एकटे राहणारे. अपघात हा त्यांचा वैयक्तिक शत्रू. नारळ फोडतानासुद्धा ते डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवीत, आणि तो चष्मा सदैव त्यांच्या खिशात असे. आमच्या गणपतीत त्यांनी सर्वांना आरतीच्या तबकापासून इतके दूर उभे केले, की कापूर विझेपर्यंत कोणाचाही हात ज्योतीवर पोहोचला नाही. उपाहारगृहात ते आधी बाहेर पडण्याचे दार पाहत, मग पदार्थांची यादी. कोणाच्याही घरी गेले की पाण्याच्या पेल्याआधी गॅसची नळी तपासत आणि दिसेल त्याला विचारीत, "आग लागलीय. एकच वस्तू घेऊन पळायचंय. काय उचलाल? यल्ला, चला लवकर, विचार नको, बोला!" एका नवविवाहिताने बायकोदेखत "लॅपटॉप" असे उत्तर दिले. त्या घरचे आमंत्रण गुंजाळांना पुन्हा आले नाही.

आणि माणूस कमालीचा अहिंसक. झुरळ कागदावर घेऊन ते लिफ्टने खाली नेऊन सोडत. खिडकीतून टाकणे त्यांना धोक्याचे वाटे.

आम्ही काही मराठी कुटुंबांनी मिळून दोह्यातले गुलामगिरीच्या इतिहासाचे संग्रहालय पाहिले, आणि त्यानंतरच्या शुक्रवारी आमच्या दिवाणखान्यात वाद पेटला. गुलामगिरी संपवण्यासाठी ज्यांनी शस्त्र उचलले, त्यांचे योग्य होते काय?

"चूकच," गुंजाळ म्हणाले. "माणूस मेला, की मालक असो नाहीतर गुलाम, त्याच्या घरी कळवायला कुणीतरी जावं लागतं. मी गेलोय तसा. दार उघडणाऱ्या बाईला बरोबर-चूक समजावता येत नाही हो."

"गुंजाळ, तुम्ही बंड केलं असतं तर आधी सगळ्यांना हेल्मेटं वाटली असतीत!" एक पाहुणे म्हणाले. हशा पिकला.

मी घसा साफ केला. "पण गुंजाळसाहेब, ज्याचा घरी परतण्याचा मार्गच बंद केला आहे, त्याने विनवण्या तरी किती काळ कराव्यात? शृंखला विनवण्यांनी तुटत नाहीत. मालकांचे मळे जाळले गेले, कोठारे फोडली गेली, ते न्याय्यच होते."

टाळ्या पडल्या. सुमनताई बटाटेवडे घेऊन आल्या. शुक्रवार खरे तर त्यांच्या सुट्टीचा. पण पाहुणे शुक्रवारीच येत. मी दोन वडे घेतले.

गॅसची नळी पुन्हा एकदा पाहण्यासाठी गुंजाळ त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. त्यांचा ठरलेला प्रश्न आम्हाला बाहेर ऐकू आला.

"पासपोर्ट," सुमनताई म्हणाल्या. "पण तो खंय आसा? नवीन करूक कचेरीत दिलेलो आसा."

"मग अर्जावर तुमची सही कधी घेतली?"

"माझी? सही कोणी घेवक नाय."

गुंजाळ बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "कुठे आहे?" माझी नजर अभ्यासिकेकडे गेली. ते आत गेले. पाठोपाठ सगळे.

"किल्ली द्या."

"हा आमचा घरगुती प्रश्न आहे," मी म्हणालो. "आपण कार्यालयात शांतपणे बोलू."

"कसली किल्ली? काय चाललंय?" पत्नीने विचारले.

गुंजाळ स्वयंपाकघरातून खलबत्त्याचा बत्ता घेऊन आले. खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला. "सगळ्यांनी जरा मागे, प्लीज. पत्रा उडतो." आणि त्यांनी घाव घातला.

तो आवाज अजून माझ्या छातीत आहे. ज्याने झुरळाला दुखवले नाही, तो माणूस दात आवळून माझ्या कपाटावर घणाघाती प्रहार करीत होता. दार निखळले. शाल खाली पडली, तिच्यावर पासपोर्ट. गुंजाळांनी त्याला हात लावला नाही. "ताई, तुमचा आहे. तुम्ही घ्या."

"मी पोलिसांना बोलावतो!" मी ओरडलो. परक्यांचे मळे जाळायला संमती देणारा मी, एका कुलपासाठी.

"बोलवा," पत्नी म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मीच फोन लावून देते. त्यांना काय सांगायचं, तेवढं तुम्ही ठरवा."

पाहुणे चपला शोधू लागले.

गुंजाळांशी भांडण्याच्या इराद्याने मी बाहेर पडलो. ते जिन्यात बसले होते. चष्मा डोळ्यांवर तसाच होता.

"चूकच केली मी," मला पाहून ते म्हणाले. "मत बदललेलं नाही माझं. पण पुन्हा वेळ आली, तर पुन्हा चुकेन."

मी खालच्या पायरीवर टेकलो. ते म्हणाले, "तरुणपणी माझाही पासपोर्ट एका ठेकेदाराकडे होता. बायको आजारी पडली. मी अर्ज करत राहिलो. फार सभ्य अर्ज होते हो. एकातही कडू शब्द नव्हता. पोहोचलो, तेव्हा तेरावंसुद्धा उरकलं होतं."

चष्मा आतून धुरकटला होता. तो पुसण्यासाठी त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले.

मुलीच्या लग्नाला निघालेल्या सुमनताईंना विमानतळावर सोडायला गुंजाळच गाडी चालवीत होते, वेगमर्यादेपेक्षा पुष्कळ हळू. सुमनताई पुढे, पासपोर्ट दोन्ही हातांनी धरून. मी मागे. दारापाशी उतरल्यावर मी सुमनताईंजवळ गेलो आणि माझ्या सवयीच्या मृदू स्वरात काही पुटपुटलो. ट्रॉल्यांचा खडखडाट चालू होता.

"काय म्हणतास, साहेबानू? आयकाक येवक नाय."

मृदू स्वराची किती सोय असते, हे मला त्या क्षणी कळले. बॅग उतरवता उतरवता गुंजाळ थांबले. आजूबाजूची माणसे वळून पाहतील एवढ्या मोठ्याने मी म्हणालो, "सुमनताई, तुमचा पासपोर्ट कचेरीत कधी गेलाच नव्हता. तुम्ही परत येणार नाही म्हणून मी तो कुलपात ठेवला, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा दर वेळी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. मी तुम्हाला कोंडून ठेवलं होतं. मला क्षमा करा."