गुलाबाची पिलबाग

नावच कौतिक. त्यामुळे दुसऱ्या कुणी केलं नाही, तर कौतिकराव आपलं कौतुक आपणच उरकून घेत. जळगावात पाटबंधारे खात्यात कारकून असले, तरी मूळचे रावेरकडचे, केळीच्या बागेत वाढलेले. "झाडाचं आम्हाला शिकवू नका, आमच्या रक्तात केळी आहे," हे वाक्य सरकारी चाळीत लहानथोरांना पाठ होतं.

त्यांच्या ओट्यावर बायकोचा, प्रमिलाबाईंचा, कुंडीतला कलमी गुलाब होता. वाटीएवढी लाल फुलं द्यायचा. चाळीचं महिला मंडळ दर संक्रांतीला हळदीकुंकवाबरोबर गुलाबाच्या कुंड्यांची स्पर्धा ठेवी, आणि लागोपाठ दोन वर्षं शेजारच्या मंदाबाईंचा पहिला नंबर आणि प्रमिलाबाईंचा दुसरा आला होता. दुसऱ्या नंबराचा स्टीलचा डबा बाईंनी फडताळात मागे लोटून दिला. तो दिसला की त्यांना घास गोड लागत नसे. यंदा मंदाबाईला खाली बघायला लावायचंच, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. आणि नेमका दिवाळीनंतर भडगावला त्यांच्या आईचा पाय मोडला.

निघताना त्यांनी नवऱ्याला दहादा बजावलं की पाणी बेताने घाला, सकाळचं ऊन दाखवा आणि बाकी काही म्हणजे काही करू नका.

"तू बिनघोर जा," कौतिकराव म्हणाले. "परत येशील तेव्हा झाड ओळखू येणार नाही तुला."

हा शब्द मात्र त्यांनी तंतोतंत पाळला.

थोड्याच दिवसांत गुलाबाच्या बुडाशी, अगदी मातीलगत, एक नवा फुटवा आला. सरळसोट, हिरवागार. वरच्या जुन्या फांद्या त्याच्यापुढे महिनाभराच्या तापातून उठल्यासारख्या दिसत. कौतिकरावांचा ऊर भरून आला. केळीचं हेच तर असतं! घड उतरला की बुडातलं जोमदार पील राखायचं, जुनं खोड तोडायचं आणि त्या पिलावर पुढचं पीक घ्यायचं. त्याला म्हणायचं पिलबाग. गुलाबाची पिलबाग आजवर कुणाला सुचली नाही, याचं त्यांना नवल वाटलं आणि लोकांची कीवही आली. त्यांनी विळा घेतला आणि जुना गुलाब उडवला.

फुटवा असा वाढला की विचारू नका. खिडकीच्या गजांपर्यंत गेला. कळीचा पत्ता नव्हता, पण केळ तरी आधी वाढते आणि मगच निसवते, म्हणजे घड टाकते ना?

चाळ बघायला लोटली. मंदाबाईंनी नुसतं म्हटलं, "भाऊ, तुमच्या हाताला गुण आहे हो." झालं! कौतिकराव विरघळले. हीच ती मंदाबाई, हे विसरून विळा घेऊन स्वतः तिच्या ओट्यावर गेले. मग काय, साऱ्या चाळीतल्या गुलाबांची पिलबाग झाली. राहिल्या फक्त झुंबरबाई. नळावरच्या भांडणापासून त्या कौतिकरावांशी बोलत नव्हत्या.

संक्रांतीला प्रमिलाबाई एस्टीतून उतरल्या त्या पिशवीसकट थेट मंडळाच्या हॉलवर. कुंडीशेजारी कौतिकराव कडक इस्त्रीत उभे होते. बाईंनी झाडाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पुन्हा झाडाकडे पाहिलं. फार संतापल्या की त्यांच्या तोंडी माहेरची भाषा येई.

"हाई काय शे?"

तेवढ्यात परीक्षक आले, शेतकी खात्यातले निवृत्त साहेब. ते म्हणाले, "अहो, हा रानगुलाब. याच्यावर चांगल्या गुलाबाचं कलम बांधलेलं असतं. खालून फुटतं ते रानटी, ते काढायचं असतं. तुम्ही गुलाब तोडलात आणि रान वाढवलंत."

साहेब पुढच्या कुंडीकडे सरकले. तिथेही रान. त्याच्या पुढेही रान. मंदाबाईंच्या कुंडीपाशी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि स्पर्धा गुलाबाची आहे की कुंपणाची, असं मंडळाला विचारलं. शेवटी पहिला नंबर झुंबरबाईंना गेला. त्यांच्या गुलाबावर माव्याची कीड पडली होती, पण दोन फुलं तरी होती. दुसरा नंबर कुणालाच दिला नाही. मंदाबाई तेवढा वेळ पायाच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

घरी येताना प्रमिलाबाई पिशवी घेऊन झपाझप पुढे चालल्या होत्या. खांद्यावरच्या कुंडीतली फांदी कौतिकरावांच्या कानाला टोचत होती, पण हूं करायची त्यांची छाती नव्हती. आता भडगावची भाषा सुरू होणार, म्हणून ते ओट्यावरच अंग चोरून बसले.

पण बाईंनी साध्या मराठीत विचारलं, "मंदाबाईचा गुलाब कुणी तोडला?"

"मीच," कौतिकराव पुटपुटले. "पार बुडापासून."

बाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने चहा आला, आणि चहाबरोबर तिळाचे लाडू आले. लाडू फडताळातल्या त्या स्टीलच्या डब्यात होते.

कौतिकरावांनी एक लाडू तोंडात टाकला, दुसरा उचलला आणि हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली.

"तरी मी सांगत असतो," ते म्हणाले, "झाडाचं आम्हाला शिकवू नका."