ओरडा खाण्याचा मान

आपटेकाकांनी तुम्हाला ‘छान’ म्हटलं, की समजावं आपल्या नोकरीचं काही खरं नाही.

काकांचं नारायण पेठेत सन्मानचिन्हांचं दुकान आहे. कप, ढाली, पदकं, पितळी पाट्या. मी तिथे काउंटरवर असतो. अर्ध्या पुण्याचं कौतुक आमच्याकडून कोरून जातं, पण दुकानात कौतुकाचा दुष्काळ. कामात कच्चा असेल त्याला काका गोड आवाजात ‘छान, छान’ म्हणतात. ओरडतात फक्त चांगल्या माणसांवर. “ज्याच्यात काही दम आहे त्याच्यावरच आवाज खर्च करायचा. बाकीच्यांसाठी घसा कशाला बसवून घ्यायचा?”

आमच्याकडे एक गृहस्थ होते. त्यांनी एका मुख्याध्यापकांच्या सत्काराच्या पाटीवर नावाआधी ‘कै.’ कोरलं. मुख्याध्यापक धडधाकट, पाटी न्यायला स्वतः आलेले. काका पाटीकडे बघून म्हणाले, “छान.” महिनाअखेर गृहस्थ दुसरीकडे लागले होते.

माणूस पारखायची काकांची रीतही वेगळी. उमेदवाराला एक काचेची ट्रॉफी आणि रद्दी द्यायची, म्हणायचं, “बांधा.” बांधता बांधता जो रद्दीतली बातमी वाचायला लागतो, तो बाद. वैशाली खडकीहून मुलाखतीला आली तेव्हा तिने आधी विचारलं, “गिऱ्हाईक रिक्षाने नेणार की स्कूटरवर?” काका तिथेच तिच्यावर खेकसले, “आणि पिशवी कोण देणार?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ही टिकणार.

ती टिकली, आणि दिवसभर ओरडा खाऊ लागली. “वैशाली, ही अक्षरं एकमेकांच्या अंगावर का पडतायत?” “वैशाली, गिऱ्हाइकाशी इतकं गोड बोलू नकोस, त्यांना संशय येतो!” ती शांतपणे “हो काका” म्हणायची आणि काम करायची. दुकान खरं तर तीच चालवत होती, हे आम्हाला माहीत होतं आणि काकांना आमच्याहून जास्त.

कौतुकाबद्दलचं त्यांचं मत एका आयटी कंपनीने पक्कं केलं होतं. त्या कंपनीचा एक तरुण ‘एम्प्लॉयी ऑफ द मंथ’ची पाटी न्यायला यायचा.

“दर महिन्याला नवा?” काकांनी विचारलं. “मागच्या महिन्यातला बिघडला का?”

“नाही काका, त्याने मोटिव्हेशन वाढतं.”

“मग तो आहे कुठे?”

“त्याने… दुसरी कंपनी जॉइन केली.”

“बघा,” काका आमच्याकडे वळून म्हणाले. “माणसाला सांगितलं तू चांगला आहेस, की त्याला ते कळतं. कळलं की तो जातो.”

पण वैशालीला न सांगताही कळलंच. बाणेरच्या एका मोठ्या जाहिरात कंपनीने पाट्यांवरचं तिचं काम पाहिलं आणि बोलावलं. तिने काकांना सरळ सांगितलं. काका “बरं” म्हणाले आणि त्या दिवशी कोणावरच ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीमागे नवा पंखा आला. “मला उकडतं म्हणून आणलाय,” ते म्हणाले. पंख्याचं तोंड तिच्याकडे होतं. दोन दिवसांनी नवी खुर्ची आली. ‘जाऊ नकोस’ एवढं मात्र त्यांच्या तोंडातून येईना.

मग एका दुपारी त्या कंपनीचा फोन आला. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांचा फोन कायम स्पीकरवर. पलीकडची बाई म्हणाली, “वैशालीबद्दल आपला अभिप्राय हवा होता. त्यावरच फायनल करणार आहोत.”

दुकानात सगळे थांबले. वैशाली खाली मान घालून बसली. एक वाकडा शब्द पुरे होता, ती कुठे जाणार नव्हती.

काकांनी फोन जवळ ओढला. मग घसा साफ करून म्हणाले, “हे बघा बाई, एका शाळेच्या बक्षिसांवर एका मुलाचं नाव चुकीचं आलं होतं. शाळेने पाठवलं तसं कोरायचं, आपलं काय जातंय? पण हिने फोन करून विचारलं. नाहीतर त्या पोराने जन्मभर दुसऱ्याच्या नावाचा कप घरात ठेवला असता. आमची ही गेली तेव्हा मी दुकानाकडे फिरकलो नव्हतो. परत आलो तर सगळं जागच्या जागी. मी वैशालीला काही सांगितलं नव्हतं हो. असं माणूस मला पुन्हा मिळायचं नाही.” ते थांबले. “दुपारी तिला चहा लागतो. ती मागणार नाही, तुम्ही विचारा.”

काकांनी फोन ठेवला. वैशालीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझंही काही वेगळं नव्हतं.

“काका,” ती म्हणाली, “मी नाही जात.”

“अजिबात नाही!” काका इतक्या जोरात ओरडले, की रस्त्यावरचा माणूस थांबून आत बघायला लागला. “एवढं सांगून बसलोय मी त्या बाईला. आता गेली नाहीस तर मी खोटा पडेन.”