चौगुले मूळ स्थितीत

सदाशिव चौगुले निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात त्यांच्या जुन्या मोटारसायकलीने त्यांना दुरुस्त करून मूळ स्थितीत आणायचं काम हाती घेतलं. कोल्हापुरात त्या वर्षी हा छंद बराच बोकाळला होता. शहरात जुन्या गाड्या पुष्कळ आणि त्यांचे मालकही बसून बसून गंजलेले, त्यामुळे हौशी गाड्यांना माणसांचा तुटवडा नव्हता.

गाडीने परवानगी मात्र रीतसर मागितली. चौगुल्यांच्या बायकोला, कुसुमताईंना, ती वहिनी म्हणायची, कारण या घरात ती त्यांच्या आधी आली होती.

"वहिनी, यांना असं किती दिवस पडू द्यायचं? आणखी एक पावसाळा गेला तर भंगारातसुद्धा कोणी घेणार नाही."

कुसुमताईंनी आत पाहिलं. चौगुले टीव्हीसमोर बसले होते. पाटबंधारे खात्यात असताना कालव्यावरून शिट्टी वाजवत जाणारा हा माणूस आता कशालाही 'बघू' एवढंच म्हणायचा. चहा हवा का? बघू. लेकीकडे जायचं का? बघू. धाकटा भाऊ हणमंत मागच्याच गल्लीत राहत होता, पण एका लग्नात फेटा आधी कुणाला बांधला यावरून त्याच्याशी बोलणंच बंद झालं होतं.

"चालू होतील?" कुसुमताईंनी विचारलं.

"इंजिन चांगलंय. जाम झालंय, एवढंच."

गाडी या कामात नवशिकी होती. म्हणून तिने पलीकडच्या पेठेतल्या डॉक्टर पाटण्यांच्या मोटारसायकलीला बोलावणं धाडलं. त्या गाडीने आपले डॉक्टर नुकतेच पूर्ण केले होते. ती अंगणात येऊन स्टँडवर उभी राहिली आणि चौगुल्यांना एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळून बोलू लागली.

"नवशिक्यांची पहिली चूक म्हणजे रंग. कलप आणतात, नवा शर्ट आणतात, आत गंज तसाच. रंग सगळ्यात शेवटी. उघडण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, नंतर काय कुठं होतं ते कुणालाही आठवत नाही. जाम झालेल्या जागी हातोडा घालायचा नाही. तेल सोडायचं आणि गप्प बसायचं. आणि डुप्लिकेट माल अजिबात घालायचा नाही."

"दुखेल का त्यांना?" कुसुमताई म्हणाल्या.

"आम्हाला कधी कुणी विचारलं होतं?" पाटण्यांची गाडी म्हणाली.

चौगुल्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "बघू." ती संमती धरण्यात आली.

हात कुसुमताईंचे आणि डोकं गाडीचं, असं काम सुरू झालं. पडवीत वर्तमानपत्रं अंथरून चौगुल्यांना त्यावर उघडलं. निघेल तो भाग रॉकेलने पुसून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळा ठेवला. शिट्टी एका डब्यात, पंचगंगेत पोहायची हौस दुसऱ्यात. राग मोठा निघाला, तो लोणच्याच्या बरणीत ठेवावा लागला. कौतुक करायची सवय तर जवळजवळ कोरी होती, तिच्यावरचं कारखान्याचं ग्रीससुद्धा निघालं नव्हतं.

"वापरलेलीच नाही," गाडी हळहळली.

"मला काय सांगतीस?" कुसुमताई म्हणाल्या.

'बघू' मात्र घशात घट्ट बसला होता. कुसुमताईंचा हात पक्कडीकडे गेला की गाडी म्हणायची, "जोर नको, वहिनी." त्या रोज कोमट खोबरेल सोडायच्या आणि वाट बघायच्या. एका सकाळी त्यांनी सवयीने विचारलं, "चहा ठेवू?"

"आलं घालून," चौगुले म्हणाले.

कुसुमताई स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसल्या. बराच वेळ त्यांनी गॅस पेटवलाच नाही.

पाटण्यांची गाडी काम बघायला पुन्हा आली. तिने डबे तपासले. "हात बरा आहे तुमचा," ती म्हणाली, "पण मूळ स्थिती म्हणजे कुठली, हे ठरवलंय का? नियमाप्रमाणे गाडी घरात आली त्या दिवसाची. त्यानंतर जे जे बसवलं ते काढावं लागतं."

"म्हणजे काय काय?"

"लग्न नंतरचं. मुलगी नंतरची. राग मानू नका, पण तुम्ही नंतर बसवलेला भाग आहात. अशा मालकांचं प्रदर्शन भरणार आहे, तिथं परीक्षक पहिलं तेच बघतात."

कुसुमताईंनी फडक्याला हात पुसले. "आणि प्रदर्शनात काय करतात यांचं?"

"दोरीच्या आत उभं करतात. लोक बघून जातात. मग घरी आणून कापड टाकून ठेवायचं."

कुसुमताई आपल्या गाडीकडे वळल्या. तिचं मन प्रदर्शनावर गेलं होतं, हे त्यांना केव्हाच कळलं होतं.

"तुझी मागची सीट मूळची आहे का गं?"

"नाही, वहिनी. तुम्ही आल्यावर बसवली."

"मग ती काढायची?"

पाटण्यांची गाडी अवघडून हँडल दुसरीकडे वळवून उभी राहिली.

"राहू दे," शेवटी गाडी म्हणाली. मग पाहुणीकडे वळून तिने अदबीने सांगितलं, "आम्ही यांना प्रदर्शनात घालणार नाही. आम्हाला वापरायचे आहेत."

जोडणीला कुसुमताई स्वतःच पुढे झाल्या. लोणच्याची बरणी त्यांनी दोनदा उचलली आणि दोनदा खाली ठेवली. "हा नाही घातला तर चालतील?"

"सपाटीला चालतील. चढावर ओढणार नाहीत."

त्यांनी राग धुऊन घातला. सगळं बसवून झाल्यावर वर्तमानपत्रावर एक वाकडा, काळा पडलेला वायसर उरला. तो कुठला, हे ना फोटोत दिसत होतं, ना गाडीला सांगता येत होतं.

"एखादा उरतोच," गाडी म्हणाली. "चालू तर करा."

चौगुले खोकले, थोडा धूर सोडला आणि उठले. चपला घातल्या.

"अहो, कुठं निघालात?"

"हणमंताकडं. बरेच दिवस गेलो नाही," असं म्हणून ते शिट्टी वाजवत मागच्या गल्लीला लागले. कुसुमताईंनी वायसर उचलला आणि केरात टाकला.

प्रदर्शनाला चौगुल्यांच्या घरची सगळी नुसती बघायला गेली. पहिलं बक्षीस डॉक्टर पाटण्यांना मिळालं. दोरीच्या आत ते काळ्याभोर केसांनी, ताठ उभे होते, एक ओरखडा नाही. दोरीच्या बाहेर, गर्दीत, त्यांच्या पत्नी पाटणेबाई होत्या. डॉक्टरांची नजर त्यांच्यावरूनही बाकीच्यांवरून जावी तशी, सभ्यपणे फिरत होती.

"अगं, येतीस का सोडून जाऊ?" फाटकापासून चौगुल्यांची हाक आली. "हणमंता ताटकळलाय!"

"तुमचे अजून ओरडतात?" पाटणेबाईंनी विचारलं.

"रोज," कुसुमताई म्हणाल्या.

"छान ठेवलेत हो."

डॉक्टरांच्या खांद्यावर मैदानातली धूळ बसली होती. पाटणेबाईंनी पदराचं टोक हातात घेऊन दोरीवरून हात पुढे केला.

"बाई, हात लावू नका," रखवालदार म्हणाला.

"चुकलं," पाटणेबाई म्हणाल्या आणि मागच्यांना दिसावं म्हणून जरा बाजूला सरकल्या.